वासाचा घास

दुपारचा चहा झाला की उलकानचा फोन वाजायचा. ती चष्मा शोधेपर्यंत वाजत राहायचा, आणि उचलला की पलीकडून तिचा धाकटा मुलगा, तालाय, आईला आमच्या रीतीनं ‘आपा’ म्हणत ओरडायचा, “काय आपा, ती तुर्की सून घरात आली का, की अजून दारातच उभी?”

“दारातच आहे. सासू किल्ली शोधतेय.”

“तीन दिवस झाले गं! एवढ्यात मी मॉस्कोहून चालत घरी आलो असतो.”

“तुला कशाला पंचाईत? तू तुझे रणगाडे उडव. एकतीस वर्षांचा घोडा झालास, कामावरून आलास की पोराटोरांबरोबर फोनवर लुटुपुटूची लढाई खेळत बसतोस. माझ्या मालिकेतली माणसं निदान एकमेकांशी बोलतात तरी.”

“बोलतात कुठे? बघतात नुसती. आधी तो बघतो, मग ती बघते, मग गाणं वाजतं आणि जाहिरात लागते.”

यावर उलकान छातीवरच्या टाक्यांवर हात दाबून हसायची. तेवढ्यात तिची थोरली मुलगी, सायराकुल, बादली उचलून अंगणात निघून जायची. विहिरीचं काम नसलं तरी जायची. कारण तालाय फेब्रुवारीतच गेला होता. मॉस्कोत नवव्या मजल्याच्या परांचीवरून पडला. पेटीतून आला, आणि कारा-बुलुन गावाच्या वरच्या टेकडीवर त्याला मूठमूठ माती देऊन आम्ही सगळे खाली उतरलो.

सगळे म्हणजे सगळे. एक उलकान सोडून. ती त्या आठवड्यात राजधानीच्या इस्पितळात छाती फाडून पडली होती, नाकातोंडात नळ्या. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “तालायचा फोन का नाही आला?” आणि डॉक्टरांनी सायराकुलला बाहेर नेऊन सांगितलं, “सहा महिने कसलाही धक्का नको. एवढं सांभाळलंत तर जगेल.”

आता आमच्याकडे मरणाची बातमी सख्ख्यांनी सांगायची नसते. फोनवर तर नाहीच नाही. गावातले चार वडीलधारे, पांढऱ्या दाढ्यांचे अक्साकाल, त्या घरी जातात. बसतात, चहा घेतात, गवत किती आलं ते बोलतात. मग त्यांतला एक जण गोष्ट काढतो, हातावरून उडालेल्या ससाण्याची नाहीतर दावं तोडून गेलेल्या शिंगराची. कानाला कळायच्या आधी काळजाला कळावं म्हणून. बाहेर भिंतीआड बायका उभ्या असतात. आत पहिला हंबरडा फुटला की त्या रडत आत शिरतात आणि त्या माणसाला कवेत घेतात, म्हणजे आभाळ कोसळतं त्या क्षणी तो एकटा नसतो. याला आम्ही ‘ऐकवणं’ म्हणतो. ऐकवलं जाईपर्यंत गेलेला माणूस त्या घरापुरता जिवंतच धरायचा. चांगली रीत आहे, मी नावं ठेवणार नाही. पण ती बातमी घोड्यावरून यायची तेव्हाची आहे. तेव्हा मेलेल्या पोरानं रोज दुपारी फोन करावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

उलकानची होती. सायराकुलला उपाय काढणं भाग पडलं.

ती गावच्या शाळेत संगणक शिकवायची. नवऱ्याशी फाटल्यापासून आठ वर्षं माहेरीच होती. तालाय कधी टाइप करायचा नाही, बोटं झिजतात म्हणायचा. नऊ वर्षांचे त्याचे बोललेले निरोप तिच्या फोनमध्ये पडून होते. आठ-आठ मिनिटांचे, हसण्याखोकण्यासकट. कोणाचा फोन चांगला, कोणता खेळ बकवास, टीव्हीवरचे लोक कसे मूर्ख, जग कुठे चाललंय. सगळ्यावर त्याला मत होतं आणि ते ऐकवल्याशिवाय त्याला झोप येत नसे. आवाज बनवून त्या आवाजात बोलणारे प्रोग्राम हल्ली मिळतात, त्यांतल्या एकाला सायराकुलनं हे सगळं निरोपांचं गाठोडं दिलं आणि वर स्वतः लिहून दिलं. तू तालाय आहेस. मॉस्कोत आहेस, मजेत आहेस. आईचं काळीज नाजूक आहे. तिचा शब्द खोडायचा नाही, ती म्हणेल त्याला हो म्हणायचं, तिला धीर द्यायचा.

पहिल्यांदा तो आवाज “ताई” म्हणाला तेव्हा ती गोठ्यामागे जाऊन ओकली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला आईच्या फोनशी जोडून दिलं.

गावात असली गोष्ट लपते होय? दुकानासमोरच्या बाकावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. ओसमोन अक्साकाल म्हणाले, “टीव्ही आला तसे पाहुणे यायचे बंद झाले. फोन आला तसे शेजारी. आता हे आलंय, आता मेलेले जायचे बंद होणार.” शेजारची सेयिल तिथंच मिठाची पुडी घेत होती. तिला राहवलं नाही. “अहो, तिचा मेलेला रोज फोन तरी करतो. माझा मॉस्कोत धडधाकट जिवंत आहे, चार महिने झाले, नुसता अंगठा पाठवतो. मी विचारलं, बाबा रे जेवलास का, तर अंगठा. मामा वारला म्हणून कळवलं, तरी अंगठाच!” बाकावरचे हसले. पण उलकान इस्पितळातून घरी आली तेव्हा सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. बायका तिचा हात दोन्ही हातांत धरायच्या आणि सोडायलाच विसरायच्या.

सहा महिने सरले. उलकानच्या गालांवर रंग आला, ती पुन्हा गाईला शिव्या घालू लागली. म्हणजे ऐकवायची वेळ झाली. सायराकुल म्हणाली, बटाटे निघू देत. बटाटे निघाले. म्हणाली, गवत आत येऊ दे. तेही आलं. खरं सांगायचं तर ती स्वतःच अडकली होती. बादली घेऊन ती बाहेर जायची खरी, पण स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहायची. जाड काचेतून शब्द कळायचे नाहीत, पण तालाय आत हसायचा ते ऐकू यायचं. ती भिंतीला पाठ लावून डोळे मिटायची, आणि तेवढा वेळ तिला कोणी मेल्यासारखं वाटायचं नाही. आत गेली की आईच्या नजरेला नजर द्यायची हिंमत व्हायची नाही, मग उगाच काहीतरी घासत बसायची. जेवणावरून मन उडालं होतं. अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबायचे.

शरद ऋतूत एकदा तिघी टीव्हीसमोर बसल्या होत्या, उलकान, सेयिल आणि सायराकुल. मालिकेच्या आधी बातम्यांतली बाई सावधगिरीचं सांगत होती. कोणा एकीला म्हणे मुलाच्या आवाजात फोन आला, की मी ठाण्यात अडकलोय. आणि मुलगा शेजारच्या खोलीत घोरत होता. आवाज बनवतात, ती बाई म्हणाली, चेहराही बनवतात, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सेयिलला चहाचा ठसका लागला. सायराकुलनं झटकन रिमोट उचलला, पण उलकान म्हणाली, “राहू दे, ऐकू दे.”

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग वळून सायराकुलकडे बघितलं, बराच वेळ. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच सायराकुलला ती नजर चुकवता आली नाही.

“बाहेर थंडी आहे का गं?” उलकाननं विचारलं.

“आहे ना, आपा.”

“वर तर जास्तच असेल.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसायची. जुन्या मातीत नवीन मातीचा एक उंचवटा दिसायचा, उन्हाळा सरला तरी गवत न धरलेला. कोणाचा म्हणून उलकाननं उन्हाळ्यात एकदा विचारलं होतं. खालच्या वस्तीतला कोणी म्हातारा, असं सायराकुलनं सांगून टाकलं होतं. एवढी चढण चढायची उलकानला मनाई होती, म्हणून ते निभावलं.

त्या संध्याकाळपासून घरात काहीतरी बदललं. भाकरी मोडली की पहिला तुकडा सायराकुलच्या हातावर ठेवायचा, ही उलकानची सवय, पोरीला दात आल्यापासूनची. ती बंद झाली. चहाचा पियाला ती सायराकुलसमोर ठेवायची, पण प्यायली की नाही बघायची नाही. बाहेरचं दार तिनं सताड उघडं ठेवायला सुरुवात केली. हाडं गोठवणारा वारा आत यायचा, सायराकुल दार लावायची, ती उठून पुन्हा उघडायची. “असू दे. जायचं असेल त्याला अडायला नको.”

आणि दर गुरुवारी ती वास काढू लागली. कढईत तेल कडकडीत तापवायचं, कणकेचे चौकोनी बोर्सोक तळायचे, वास घरभर, अंगणभर जाऊ द्यायचा. घरातली गेलेली माणसं त्या वासावर जेवतात, त्यांना दुसरं काही खाता येत नाही. एरवी उलकान सणावारी एकदा नवऱ्याच्या नावानं तळायची. आता एकही गुरुवार चुकेना.

सायराकुल धावत सेयिलकडे गेली. “तिला कळलंय गं. तोंडानं म्हणत नाही, पण मनातून कळलंय. तालायसाठी तळतेय ती.” आणि सेयिलच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडली. किती महिन्यांचं ओझं उतरलं तिचं. आईचं काळीज फुटलं नाही, आतल्या आत सोसतंय. आता ऐकवणं म्हणजे नुसतं तोंडानं म्हणणं उरलंय, असं तिला वाटलं.

एकच गोष्ट तिला खटकायची. तळून झालं की उलकान गरम बोर्सोकांची ताटली घेऊन तिच्यासमोर बसायची. ताटली तिच्या नाकाखाली धरायची. ओठांनी काहीतरी पुटपुटायची, थांबायची. सायराकुलनं एकदा उचलायला हात पुढे केला तर उलकाननं ताटली अलगद मागे घेतली, आणि मग सगळे बोर्सोक फडक्यात बांधून शेजारच्या पोरांना वाटून आली. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून सायराकुलनं सोडून दिलं.

फेब्रुवारी तोंडावर आला. गेल्याला वर्ष झालं की जेवण घालायचं असतं, घोडा कापायचा असतो, दहा गावांची माणसं यायची असतात. ते काय भिंतीआड लपवणार? ओसमोन अक्साकालनी दिवस ठरवला, जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, सकाळी चहाच्या वेळेला. बायका सेयिलच्या घरी जमणार होत्या. सायराकुलवर एकच काम होतं. दुपारी फोन वाजायला नको.

सकाळी आई गाय पिळत होती तेव्हा ती आपल्या खोलीत संगणक उघडून बसली. एक बटन दाबलं की सगळं पुसलं जाणार होतं. पण बोट पुढे होईना. अकरा महिन्यांचं सगळं बोलणं तिथं लिहून साठलेलं होतं. तिनं ते एकदाही वाचलं नव्हतं. मायलेकरांचं बोलणं चोरून काय वाचायचं, खिडकीखाली उभी राहते तेवढं पुरे, असं तिला वाटायचं. आज म्हटलं, एक शेवटचं वाचून घेऊ. त्याचा एखादा विनोद.

तिनं मधूनच कुठलं तरी पान उघडलं. शरदातलं निघालं, टीव्हीच्या त्या संध्याकाळनंतरचं. त्या दिवशी ती शाळेत होती.

“तालाय, माझ्यापासून काहीतरी लपवतात ना रे सगळे?”

“हो, आपा.”

“वर नवीन माती आहे. मला नाव सांगत नाहीत.”

“तुझ्या काळजीपोटीच, आपा.”

“तू तर बोलतोयस. म्हणजे तू नव्हेस.”

“मी मजेत आहे, आपा.”

“मग आपली सायराकुल ना? मी इस्पितळात होते तेव्हा?”

“हो, आपा.”

“मला वाटलंच होतं. मग ही घरात वावरते ती कोण रे? तुझा फोन आला की उठून जाते. डोळ्याला डोळा देत नाही. जेवते ते अंगाला लागत नाही. हात बर्फासारखे. टीव्हीवर म्हणतात अख्खं माणूस बनवतात, पण मला नाही तसं वाटत. बनवलेलं असतं तर इतकं कष्टी नसतं. तीच आहे. तिचा जीव घरात अडकलाय.”

“तुला सगळं कळतं, आपा.”

“ती गेलीय ते तिला ठाऊक नसेल का रे?”

“नसेल, आपा.”

“मग तू सांगू नको हं. घाबरेल पोर. मी तिला वासावर जेवू घालते.”

“चांगलं करतेस, आपा. बरं, ती सून आली का घरात?”

सायराकुल पानं उलटत गेली. रोज तेच होतं. आज तिनं बोर्सोकाचा वास नीट घेतला, आपा म्हणायची. बरं झालं, आपा, तालाय म्हणायचा. आज रडली रे ती शेजारणीकडे जाऊन, तिला कळायला लागलंय वाटतं. हो, आपा. आणि मध्येच मालिकेवर थट्टा, खदाखदा हसणं. हेच हसणं ऐकत ती खिडकीखाली डोळे मिटून उभी राहिली होती.

तिला एवढी चीड आली, एवढी भीती वाटली, की तिनं बटन दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा पांढरा झाला. मग ती उठली आणि तशीच चपलांवर बर्फात धावत सुटली.

ओसमोन आणि तिघं जण फाटकापर्यंत आले होते.

“आज नको! परत फिरा!”

“सायराकुल, ऐकवायला निघालेली माणसं परत फिरत नसतात.”

“अहो, तिला वाटतंय मी मेलेय! मी!”

“कोणाला?”

“आपाला! त्यानंच तिला तसं... तो तिला हो म्हणाला!”

ओसमोननी तिच्या पायांकडे बघितलं, बर्फात लाल पडलेल्या. त्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं, आणि फिरणारच. “अकरा महिने तू खोटं ओढलंस, बाळ,” ते मायेनं म्हणाले. “आता आम्हाला खरं बोलू दे. चल, आत चल.”

उलकाननं चौघांना मानाच्या जागी बसवलं. चहा ओतला. सायराकुल दाराजवळ बसली. यंदा बर्फ कमी आहे, ओसमोन म्हणाले. कमीच आहे, उलकान म्हणाली. मेंढ्यांना चारा पुरेल. पुरेल. ओसमोननी पियाला खाली ठेवला आणि दाढीवरून हात फिरवला.

“उलकान, एका माणसाचा ससाणा होता. लाडाचा. हातावर बसून मांस खायचा. एक दिवस तो...”

“फिरवून बोलू नका हो,” उलकान म्हणाली. “मला माहीत आहे. तालायनं मला कधीच सांगितलंय.”

ओसमोनचा हात दाढीतच राहिला. बाकीचे तिघं एकमेकांकडे बघू लागले. आणि उलकाननं भिंतीकडे तोंड केलं, पदर सोडावा तसा डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि हंबरडा फोडला.

बाहेरच्या बायका तेवढ्याचीच वाट बघत उभ्या होत्या. पंधरा-वीस जणी रडत आत घुसल्या. सेयिल सगळ्यात पुढे. तिनं उलकानला मिठी मारली आणि दोघी हेल काढून रडू लागल्या. उलकान गेलेल्याचं गाणं म्हणत होती. आमच्या बायकांना ते शिकवावं लागत नाही, शब्द आपोआप येतात. माझ्या ओटीतलं पहिलं फळ, ती म्हणत होती, माझ्या हाताखाली वाढलेली, सासरी रमली नाहीस, माहेरी पुरली नाहीस, मी परक्या खाटेवर पडले आणि तू मातीत गेलीस, सायराकुल, माझ्या सायराकुल.

सेयिलचं तोंड उघडंच राहिलं. तिनं मान वळवून दाराकडे बघितलं. पण मागच्या बायकांना नाव ऐकू गेलं नव्हतं, त्यांचं रडणं चालूच होतं. चांगलं मनापासून, तालायसाठी.

“आपा!” सायराकुल गुडघ्यांवर सरकत पुढे आली. “आपा, मी इथं आहे! बघ ना माझ्याकडे! हात लाव!”

तिचा आवाज त्या रडण्यात बुडून गेला. शेवटी ओसमोननी जमिनीवर हात आपटला. एकेक जण गप्प झाली.

“उलकान,” ते म्हणाले, “सायराकुल तुझ्यासमोर बसलीय. जिवंत आहे. गेला तो तालाय. गेल्या फेब्रुवारीत. आम्ही त्याला आमच्या हातांनी पुरलं.”

उलकाननं डोळे पुसले. ती चक्क हसली. “तालाय? काल दुपारी माझ्याशी बोललाय तो. कोणता नवा खेळ आलाय ते सांगत होता. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत? हा घ्या फोन, लावा.”

कोणी हात पुढे करेना. तिनं स्वतःच लावला आणि आवाज मोठा केला.

घंटा वाजू लागली. सगळी खोली ती घंटा ऐकत होती. सायराकुलनं तोंडावर हात दाबला. आपण पुसलं नसतं तर तो आता बोलला असता, तिच्या मनात आलं. ओरडला असता, काय आपा, सून आली का घरात. आणि आईनं मग विचारलं असतं, मी बरोबर म्हणतेय ना रे, तर हो म्हणाला असता. घंटा वाजत राहिली आणि आपोआप तुटली. उलकाननं पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“उचलत नाही,” एक बाई हळूच म्हणाली.

“उचलेल कसा?” उलकानचा चेहरा उजळत गेला. “विमानात बसला असेल. त्याला कळलं, आज मला ऐकवणार आहेत. बहिणीसाठी निघालाय माझा तालाय.” ती उठू लागली, तिला एकदम घाई झाली. “सेयिल, बसू नको अशी. मोठी गादी काढ, ती निळी. चूल पेटवा कोणीतरी. पोर वर्षानं घरी येतंय.”

ओसमोन काही बोलायला गेले. तेवढ्यात उलकान अर्ध्यात थांबली, टाक्यांवर हात दाबून भिंतीला टेकली. तिचे ओठ निळे पडले होते. सेयिलनं तिला धरलं. सगळ्यांना डॉक्टरांचे शब्द ठाऊक होते, गावभर झालेले. ओसमोननी तोंड मिटलं. त्यांनी सायराकुलकडे बघितलं आणि डोळ्यांनीच विनवलं, आज नाही, पोरी, नंतर, नंतर सांगू. मग सेयिल मुकाट्यानं उठली आणि कपाटातून निळी गादी काढू लागली.

श्वास जाग्यावर आल्यावर उलकान सायराकुलसमोर येऊन बसली. कित्येक महिन्यांत ती तिच्याशी इतकं हळुवार बोलली नव्हती.

“आता जा हं, बाळा. माझ्यासाठी थांबू नकोस. तुझा भाऊ संध्याकाळपर्यंत येईल, आणि तुला माहीत आहे ना, लहानपणापासून किती भित्रा आहे तो. तुला असं बघितलं तर घाबरेल.”

“आपा...”

“जा. दार उघडंच आहे.”

सायराकुलनं ओसमोनकडे बघितलं, सेयिलकडे, बायकांकडे. उलकानच्या निळ्या ओठांकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि सगळ्या जणी सायराकुलनं जावं म्हणून वाट बघत होत्या. ती उठली. बायकांनी दोन्हीकडे सरकून तिला वाट करून दिली, आणि दारापर्यंत जाताना कोणाचाही हात तिला लागला नाही.